कागद फाडायचा कुणी? गहाणाची नोंद, नकाराचे नियम आणि आपला सातबारा

तत्त्वज्ञानाच्या माणसाला व्याख्यानाला बोलावलं की श्रोत्यांची तयारी आत्मा आणि ब्रह्म ऐकण्याची असते. आज थोडी निराशा होईल. मी बोलणार आहे सातबाऱ्यावरच्या बोज्याबद्दल. तारण देऊन कर्ज घेतलं, त्याची नोंद सरकारी कार्यालयात गेली, तर ती नोंद कार्यालयानं कधी घ्यायची, कधी परत करायची, आणि हे ठरवायचा अधिकार त्याला दिला कुणी, एवढाच विषय आहे. कोरडा वाटतो. पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या खिशात या विषयाचा पुरावा असेल.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. अंकुशनगर म्हणजे जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेली वस्ती. इथं ऊस घालणाऱ्या माणसाला सोसायटीचं कर्ज, उसाच्या बिलातून होणारी कपात आणि 'इतर हक्क' हा रकाना समजावून सांगावा लागत नाही. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना सांगावा लागेल. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये जमीन कुणाची ते असतं, बारामध्ये पीक. सातमध्येच एका बाजूला 'इतर हक्क' असतात. जमीन तुमची असली, तरी तिच्यावर दुसऱ्या कुणाचा काय हक्क आहे, ते तिथं लिहितात. कर्जाचा बोजा तिथंच चढतो.

आता माझी गोष्ट. आमच्या वडिलांनी विहिरीवर इंजिन बसवायला अठराशे रुपये कर्ज काढलं होतं. ते त्यांनी फेडलं. शेवटच्या हप्त्याची पावती आईनं पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली ठेवली होती. वडील गेले, वारसाची नोंद लावायला मी गेलो, तेव्हा उताऱ्यावर तो बोजा तसाच दिसला. मी पावती दाखवली. कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, "पावती चालत नाही, संस्थेचा निल दाखला आणा." संस्थेत गेलो, तर ती मधल्या काळात दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली. नव्या संस्थेचे सचिव सज्जन होते. त्यांनी वह्या काढून पाहिल्या आणि म्हणाले, "सर, तुमच्या वडिलांचं खातंच आमच्याकडं नाही. जे खातंच नाही त्याचा निल दाखला मी कसा देऊ?"

आमच्याकडच्या वैशेषिक दर्शनात पुढच्या आचार्यांनी 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानलेला आहे. घडा नसणं हीसुद्धा एक जाणता येणारी गोष्ट आहे, असं ते म्हणतात. मी तीस वर्षं हे वर्गात शिकवलं. त्या दिवशी कळलं, की कार्यालयांनी हे दर्शन अजून स्वीकारलेलं नाही.

मला तेव्हा जो प्रश्न पडला, त्यातून आजचं व्याख्यान निघालं. बोजा चढवायला वडिलांना एकच खेप पडली असेल. उतरवायला मला इतक्या खेपा का पडाव्यात? नियम करणाऱ्यांनी दार एकाच बाजूनं रुंद ठेवलं की काय?

थोडं मागं जाऊ. याज्ञवल्क्य स्मृतीचा व्यवहाराध्याय हा जुन्या कायद्याचा चांगला नमुना आहे. पुरावा तीन प्रकारचा, असं तिथं मानलंय: लेख, भोग आणि साक्षीदार. एकच वस्तू दोघांकडं गहाण पडली असेल, तर आधीचं गहाण बलवान, हाही नियम तिथं आहे. आजच्या बँकेचा वकील 'पहिला बोजा, दुसरा बोजा' म्हणतो ती कल्पना काही परदेशातून आलेली नाही. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. ऋणको जसजसे पैसे देत जाईल, तसतसं ते त्याच कागदाच्या पाठीवर लिहायचं. सगळं ऋण फिटलं की कागद फाडून टाकायचा.

फाडायचा! किती साधी व्यवस्था आहे बघा. कर्ज म्हणजे तो कागद. कागद गेला, कर्ज गेलं. आपल्या गावाकडं परवा-परवापर्यंत हीच समजूत होती. सावकाराकडून कागद परत आणायचा आणि चुलीत घालायचा. त्या कागदाला सरकार साक्षी नव्हतं, म्हणून अडचणीही होत्या. एकच शेत तिघांकडं गहाण ठेवता यायचं, आणि सावकार म्हणेल तोच हिशेब खरा ठरायचा. म्हणून नोंदणी आली. १८६४ साली सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी नोंदणीचा कायदा झाला. पुढं १८६६, १८७१, १८७७ आणि शेवटी १९०८ असे कायदे होत गेले. १९०८ चाच आजही चालू आहे.

कागदाची एक प्रत सरकारी वहीत गेली, त्या दिवसापासून फाडण्याला अर्थ राहिला नाही. हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि लक्षात आलं ते फार कडूपणानं.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, आजच्या बारामती तालुक्यात. आठवडी बाजाराचा दिवस. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं गाठली. काय नेलं, काय जाळलं, हे पाहण्यासारखं आहे. मुख्य रोख होता रोखे, खतं आणि हिशेबाच्या वह्यांवर. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडलं. माणसं मारण्याचा हेतू नव्हता. कागद द्या म्हणायचे, कागद दिला तर बहुतेक ठिकाणी परत जायचे. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. मला ते याज्ञवल्क्याचं शेवटचं पाऊल वाटतं. कर्ज फिटलं की नाही हा वाद बाजूला ठेवून त्यांनी थेट कागद फाडले. पण तोवर बऱ्याच व्यवहारांच्या नकला सरकारी दप्तरात आणि हुकूमनामे कोर्टात होते. ते जळले नाहीत.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. आयोगासमोर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांत करायचा असं ठरलं होतं. कायदा ऋणकोच्या भल्यासाठी होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा करून घेई, व्याज मुद्दलात मिळवी, आणि शेतकरी अंगठा उठवी. जुना रोखा परत मिळालाच असं नाही. म्हणजे एका कर्जाचे दोन-तीन कागद जिवंत. कोर्टात कागद खरा, सही खरी, साक्षीदार खरे. खोटी होती ती फक्त हकिकत.

यातून आला १८७९ चा दख्खन कृषक ऋणमुक्ती कायदा, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. इतिहासाची पुस्तकं या कायद्यातल्या कोर्टांबद्दल आणि समेटाबद्दल बोलतात. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून काम केलं, तेही सांगतात. पण आठव्या प्रकरणाकडं फारसं कुणी जात नाही. ते आहे गाव-निबंधकांचं.

त्याचा विचार पाहा. शेतकऱ्यानं केलेला रोखा किंवा गहाणखत गाव-निबंधकासमोर झालं नसेल, तर ते ग्राह्य धरायचं नाही. नुसतं समोर आणून ठेवायचंही नाही. निबंधकानं ते स्वतः लिहायचं, किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिलं गेलं पाहिजे. कर्जाची रक्कम आणि ती कशाबद्दल हे पूर्ण लिहायचं. पैसे माझ्या डोळ्यांसमोर दिले गेले की नाही, हे निबंधकानं आपल्या सहीनं शेरा मारून सांगायचं. आणि हा कागद जुन्या कागदाच्या बदल्यात असेल, तर जुना कागद हजर करायचा, त्याचं वर्णन नव्यात यायचं, जुन्यावर निबंधकानं खूण करायची. एक प्रत ऋणकोला. याच कायद्यात पुढं ऋणकोला पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा, पासबुक मागण्याचा हक्क दिला.

म्हणजे सरकारी कार्यालय इथं कागद ठेवायची फडताळ उरलं नाही. ते प्रश्न विचारू लागलं. पैसे खरंच दिले का? जुना कागद कुठाय? याची उत्तरं नाहीत तर नोंद नाही. माझ्या वाचनात, नोंदणीच्या नियमांना शेतकऱ्याच्या बाजूनं उभं करण्याचा इतका धीट प्रयत्न दुसरा नाही. जुन्या कागदावर खूण करायची अट म्हणजे सरकारनंच कागद फाडण्याचं काम अंगावर घेतलं होतं.

मग पुढं काय झालं? जे व्हायचं तेच. सावकारानं गहाणखत करणं कमी केलं आणि खरेदीखत करून घ्यायला लागला. "आत्ता विकत देतोस असं लिहून दे, पैसे आणलेस की परत लिहून देईन." गहाणाला प्रश्न विचारतात, विक्रीला विचारत नाहीत. नियम जिथं कडक, तिथून व्यवहार सरकतो आणि जिथं ढिला तिथं जाऊन बसतो. गाव-निबंधकांची व्यवस्था पुढं गुंडाळली गेली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यानं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचे नवे कायदे केल्यावर मूळ कायदाही गेला. त्याच काळात, १८८३ साली पुरा झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये महात्मा फुल्यांनी कचेरीतल्या कारकुनाच्या हातात सापडलेला निरक्षर शेतकरी रंगवला आहे. फुल्यांचा रोख सावकारावर जितका, तितकाच कागद लिहिणाऱ्यावर होता. गाव-निबंधकही शेवटी कागद लिहिणाराच, हे विसरू नये.

(समोरून एक आजोबा विचारत आहेत, आपल्याकडं हा कायदा होता का.) नव्हता मामा. आपण निजामाच्या राज्यात होतो. गोदावरीच्या पलीकडं, नगर जिल्ह्यात, गाव-निबंधक होता. अलीकडं अंबडात नव्हता. एकाच नदीचं पाणी पिणारे दोन शेतकरी, एकाला कागद करताना प्रश्न विचारणारा सरकारी माणूस होता, दुसऱ्याला नव्हता. आपल्याकडच्या जुन्या घरांतून अजून फसली सनाचे, उर्दूत लिहिलेले कागद निघतात. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी लिहून ठेवा, कोर्टात उपयोगी पडतं. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक झालं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. या प्रत्येक खांदेपालटात दप्तर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवलं गेलं. उतरवणारा कारकून बोजे उतरवतो. फिटलेले कोणते हे त्याला कसं कळणार? म्हणून मराठवाड्यात हा प्रश्न जरा जास्तच आहे.

आता १९०८ च्या कायद्याकडं येऊ, कारण तो आजचा आहे. दुय्यम निबंधकाकडं गहाणखत गेलं तर तो काय पाहतो? कागद चार महिन्यांच्या आत आला का. मिळकतीची ओळख पटेल असं वर्णन आहे का. खाडाखोड, रिकाम्या जागा आहेत का, असतील तर त्यावर सह्या आहेत का. भाषा त्याला येत नसेल आणि ती त्या जिल्ह्यात चालणारी नसेल, तर सोबत भाषांतर आहे का. आणि मुख्य म्हणजे, समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, आणि "हा दस्त मी करून दिला" असं तो म्हणतो का. तो नाही म्हणाला, अज्ञान असला, वेडा असला, तर नकार. बस. पैसे दिले का, दर काय, जमीन खरोखर याची आहे का, हे विचारायचं त्याच्यावर बंधन नाही. १८७९ ची एक पुसट सावली मात्र राहिली आहे: पैसे अधिकाऱ्यासमोर दिले गेले, तर तसा शेरा दस्तावर मारायचा. दिले नाहीत तर गप्प बसायचं.

यातला माझा आवडता भाग म्हणजे दोन नंबरची वही. कायद्यानं नोंदणी कार्यालयात ज्या वह्या सांगितल्या, त्यांत एक नंबरची स्थावर मिळकतीच्या दस्तांची, तीन नंबरची मृत्युपत्रांची. दोन नंबरची वही आहे नकाराच्या कारणांची. कलम ७१ सांगतं, नोंदणी नाकारली तर दस्तावर 'नोंदणी नाकारली' असं लिहा, कारण दोन नंबरच्या वहीत लिहा, आणि मागितलं तर त्याची नक्कल फुकट द्या. त्या नकारावर तीस दिवसांत वर अपील आहे, त्यापुढं दिवाणी दावा आहे. इंग्रजी राज्यात राजद्रोहाचा कायदा करणाऱ्यांनीच हेही केलं! "नाही" म्हणायचं असेल तर लिहून म्हण. तोंडी नकाराला कायद्यात जागाच नाही.

आणि प्रत्यक्षात नकार कसा मिळतो? "सर्व्हर डाऊन आहे." "साहेब मीटिंगला गेलेत." "हे असं नाही चालत, वकिलाला विचारून या." यातलं एकही वाक्य दोन नंबरच्या वहीत जात नाही. इंग्रज तत्त्वज्ञ ऑस्टिन म्हणायचा, काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती स्वतःच कृती असतात. "मी नाकारतो" हे तसं वाक्य आहे. आपल्याकडच्या कारकुनानं त्यात सुधारणा केली. ती कृती तो वाक्य न उच्चारताच करतो.

निबंधकानं किती खोलात जावं, हा वाद अजून मिटलेला नाही. सरकारांना वाटतं, बोगस दस्त होतात, म्हणून निबंधकाला मालकी तपासायला लावा. तमिळनाडूनं तसा नियम केला होता: आधीचा मूळ दस्त दाखवा, नाहीतर नोंदणी नाही. ७ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तो नियम कायद्याबाहेरचा ठरवला. नोंदणी अधिकाऱ्याचं काम मालकी ठरवणं नाही, ते दिवाणी न्यायालयाचं. आपल्याकडंही, तुकडेबंदीच्या दस्तांची नोंदणी अडवणारं १२ जुलै २०२१ चं परिपत्रक आणि नोंदणी नियम ४४ मधला संबंधित भाग औरंगाबाद खंडपीठानं मे २०२२ मध्ये रद्द केला. ते प्रकरण विक्रीचं होतं, गहाणाचं नव्हतं, पण प्रश्न तोच: खिडकीवरच्या माणसाला न्यायाधीश करायचं का?

माझं मत विचाराल तर, करू नये. मला १८७९ च्या कायद्याबद्दल जिव्हाळा असूनही हे म्हणतो. गाव-निबंधक प्रश्न विचारत होता तो व्यवहार समोर घडताना, दोन्ही पक्ष हजर असताना, आणि उत्तर तिथंच लिहून ठेवत होता. मालकी खरी की खोटी हे तो ठरवत नव्हता. साक्ष देणं वेगळं आणि निवाडा करणं वेगळं. आज मागणी होते ती निवाड्याची, आणि अधिकाऱ्याला साक्षही धड देऊ दिली जात नाही.

खोलात जायचं असेल तर त्याला वेगळी जागा आहे, आणि महाराष्ट्रानं ती केलीही आहे. 'मुदत खरेदी' हा शब्द इथं सगळ्यांना माहीत आहे. कागद खरेदीचा, व्यवहार सावकारीचा. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली दुरुस्ती झाली, की परतफेडीची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर त्याला गहाण म्हणता येणार नाही. झालं! सावकार अट वेगळ्या स्टँपवर लिहून देतो, किंवा नुसता शब्द देतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याच्या १८ व्या कलमात जिल्हा उपनिबंधकाला अधिकार दिला, की सावकारीच्या ओघात गेल्या पंधरा वर्षांत झालेलं खरेदीखत तपासायचं, आणि ते मुळात कर्जाचं तारण होतं असं दिसलं तर जमीन परत द्यायची. लक्षात घ्या, हा दुय्यम निबंधक नाही, सहकार खात्याचा अधिकारी आहे. नोंद होताना कागदच बघायचा. कागदामागची हकिकत नंतर, दुसऱ्या टेबलावर, दोघांना बोलावून बघायची. ही विभागणी मला पटते. पंधरा वर्षांच्या आत अर्ज करायला लोक येत नाहीत, ही मात्र रड आहे.

अमेरिकेचा उल्लेख करतो, कारण आमच्या एका विद्यार्थ्यानं तिथून फोन करून विचारलं होतं, "सर, इथं ट्रॅक्टरवर कर्ज घेतलं तर बँक कुठल्याशा सरकारी कार्यालयात एक पानाचा कागद दाखल करते, त्यावर माझी सहीसुद्धा नाही." बरोबर आहे. तिथं जंगम मालावरच्या तारणासाठी, त्यात उभं पीकही आलं, कर्ज कुणाचं, देणारा कोण आणि तारण काय एवढं सांगणारी सूचना दाखल करतात. ती परत करायची कारणं कायद्यानंच मोजून दिलीत: ऋणकोचं नाव नाही, फी नाही, अशी. त्याबाहेर नकार देता येत नाही. इतकं सोपं केल्यामुळं विकृतीही झाली. सरकारवर राग असणाऱ्या काही लोकांनी न्यायाधीशांच्या, अधिकाऱ्यांच्या नावावर खोटी तारणं दाखल केली, आणि राज्यांना त्यासाठी वेगळे कायदे करावे लागले. पण मला हेवा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ती सूचना साधारण पाच वर्षांनी आपोआप निकामी होते. बँकेला हवी असेल तर तिनं येऊन वाढवायची. कर्ज फिटल्यावर ऋणकोनं लेखी मागणी केली, की वीस दिवसांत सावकारानं समाप्तीची सूचना द्यायची. त्यानं दिली नाही, तर ऋणको स्वतःच ती दाखल करू शकतो.

ऋणको स्वतः! म्हणजे कागद फाडायचा हात पुन्हा कर्ज फेडणाऱ्याचा.

आपल्याकडं काय आहे? सोसायटीचा सभासद 'ई-करार' लिहून देतो, सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ४८. तेवढ्यावर जमिनीवर बोजा बसतो, फेडेपर्यंत विक्री करता येत नाही, केली तर ती व्यर्थ. तलाठ्याकडं, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गाव नमुना सहामध्ये फेरफार पडतो, नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीचे, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. हरकत आली तर सहा-अ ची वही. चढवताना हे सगळं सुरळीत होतं, कारण संस्थेला घाई असते. तोपर्यंत पैसे सुटत नाहीत. बँकेकडं मूळ कागद ठेवून केलेल्या गहाणाचीही १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रात तीस दिवसांत सूचना दाखल करावी लागते, आता घरबसल्या. ती न करणाऱ्याला शिक्षा आहे. चढवायच्या बाजूला मुदत, शिक्षा, संगणक, सगळं आहे.

उतरवायच्या बाजूला उशिरा का होईना एक गोष्ट आली. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं, आणि १ डिसेंबर २०२३ पासून लागू केलं, की कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करा आणि नोंदवलेला बोजा काढा. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पण गावची विविध कार्यकारी सोसायटी रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. म्हणजे मुंबईतल्या फ्लॅटवाल्याला दिवसाला पाच हजार, आणि अंबड तालुक्यातल्या ऊसवाल्यानं सचिवाच्या घरी चहा प्यायला जायचं. ई-हक्क प्रणालीतून बोजा कमी करण्याचा अर्ज करता येतो, चांगली सोय आहे. दाखला जोडावा लागतो तो मात्र धनकोचाच.

मला कुणी विचारलं, नियम काय करावा, तर मी एवढंच मागेन. फेडीची पावती जोडून ऋणकोनं अर्ज केला, की नोटीस धनकोला जावी. पंधरा दिवसांत धनकोनं हरकत घेतली तर वाद, नाही घेतली तर बोजा कमी. फेरफाराची चौकट हीच आहे, जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये. फक्त 'दाखला आणा' ऐवजी 'हरकत आणा' म्हणायचं, आणि सिद्ध करण्याची खेप दुसऱ्याच्या पायावर टाकायची.

माझ्या वडिलांच्या बोज्याचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो, वेळही झाला आहे. पाचव्या खेपेनंतर मी तोंडी विचारणं बंद केलं. एका कागदावर सगळी हकिकत लिहिली, पावतीची नक्कल जोडली, नव्या संस्थेच्या सचिवांकडून "असे खाते आमच्या दप्तरी आढळून येत नाही" एवढं एक वाक्य सही-शिक्क्यानं घेतलं, आणि अर्ज आवक-जावकमध्ये देऊन पोच घेतली. शेवटी लिहिलं: अर्ज नामंजूर करायचा असल्यास कारणासह लेखी कळवावे, म्हणजे कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येईल. महिन्याभरानं नोटीस निघाली. हरकत घ्यायला कोण येणार? फेरफार प्रमाणित झाला.

पूर्वी कमी केलेल्या नोंदीला कंस करायचे. २०२० पासूनच्या नव्या नमुन्यात आडवी रेष मारतात. मी नवा उतारा घेऊन घरी आलो आणि आईला दाखवला. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "मग ही पावती आता फाडू का?" मी म्हणालो, "नको, राहू दे पेटीत." रेषेखाली वडिलांचं नाव आणि अठराशे रुपये अजूनही वाचता येतात.